कुब्जेचं पुढे काय झालं?

भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या हमरस्त्यावर कृष्णाला कुब्जा भेटते. तीन ठिकाणी वाकलेली, म्हणून तिचं दुसरं नाव त्रिवक्रा. कंसाच्या वाड्यावर चंदनाची उटी पोचवायची हे तिचं काम. कंसाची उटी ती कृष्ण-बलरामांना लावून मोकळी होते. कृष्ण प्रसन्न होतो, तिच्या पावलांवर आपलं पाऊल दाबतो, हनुवटीखाली दोन बोटं घालतो आणि वर उचलतो. बाई सरळ! भूल नाही, टाके नाहीत, डिस्चार्जच्या दिवशी मेडिक्लेमवाल्यांना फोन नाहीत. कीर्तनात इथे टाळ झडतात, म्हाताऱ्या डोळे पुसतात आणि बुवा लगबगीने कंसाच्या धनुष्याकडे वळतात.

महाडला वीरेश्वराच्या देवळात सगळं बायकामंडळ खाली सतरंजीवर आणि मी एकटी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे कीर्तन ऐकते, तेव्हा मला एकच प्रश्न पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदन कोणी उगाळलं? सहाण जमिनीवर. खोड हातात धरून तासभर पुढे झुकायचं. आदल्या दिवसापर्यंत बाई मुळातच झुकलेली होती, काम तिच्या मापाचं होतं. आता ती सरळ झाली, रूपवान झाली, आणि सहाण आहे तिथेच आहे. पुढे कृष्ण तिच्या घरी जाऊन आला एवढं व्यासांनी नोंदवलंय. पण ती पाण्याचा घडा कसा उचलत होती, पायाची नखं तिला कोण कापून देत होतं, यावर एक श्लोकही नाही.

हे विचारायचा अधिकार मला आहे. माझ्या पाठीत टायटॅनियमच्या दोन सळ्या आहेत आणि त्यांना धरून ठेवणारे स्क्रू आहेत. स्क्रू किती ते मी सांगत नाही. आकडा सांगितला की ऐकणारा सुताराच्या हिशेबाने मजुरी काढायला लागतो.

पाठीचा कणा समोरून बघताना सरळ दिसायला हवा. तो डावी-उजवीकडे वळला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. जॉन कॉब यांनी हा बाक एक्स-रेवर रेघा मारून अंशांत मोजायची रीत सांगितली, आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या वाकड्या पाठींना कोनमापकाने मार्क मिळतात. दहा अंशांच्या वर गेलात की नाव मिळालं. मोठ्या वयात पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेलात आणि दुखणंही सोबत असलं, की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऑपरेशनबद्दल बोलायला लागतात. एक्स-रे पाहून पोलादपूरकरांना आंबेनळी घाट आठवतो. प्रत्येकाला आठवतो, आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं.

कृष्णाचं तंत्र मात्र अस्सल होतं, हे कबूल करायला हवं. खाली दाबून धरायचं, वर ओढायचं. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी स्टीलची सळई काढली, १९६२ साली तिच्याबद्दल लिहिलं, तिचंही तत्त्व हेच: खालच्या मणक्याला एक आकडा, वरच्याला एक, आणि मधे ताण. त्याने आडवा बाक सुधारला, पण कमरेला देवाने दिलेला खळगा काही जणांचा सपाट झाला आणि ती माणसं पुढे कलून चालायला लागली. त्यामुळे हल्लीचे सर्जन मणक्यामणक्यात स्क्रू घालतात आणि सळईला आधी हवा तसा बाक देऊन मग ती बसवतात. पाठ सरळ करायला सळई वाकवावी लागते, हे ऐकून आमच्या सासूबाईंना फार समाधान वाटलं. त्यांचं सगळ्या सुनांबद्दल हेच मत आहे.

ऑपरेशन मुंबईला झालं. घरी सोडताना कागदावर ‘गचके टाळावेत’ असं लिहिलेलं होतं. घर महाडला, आणि मधे मुंबई-गोवा महामार्ग. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षी माझ्या वर्गात पहिलीत आलेली मुलं आता कॉलेजात आहेत. कोकण रेल्वेने यायचं तर वीर स्टेशनला उतरून पुन्हा रिक्षाच. शेवटी गाडीच्या मागच्या सीटवर मी आडवी, पुढे यांचं धावतं समालोचन: “आता मोठा खड्डा... आता लहान... आता डायव्हर्जन, घट्ट धर...” लोणेऱ्यापर्यंत त्यांचा आवाज बसला. पुढचे खड्डे ते हाताने दाखवत होते, आणि मला मागून फक्त हात दिसत होता, किती खोल ते कळत नव्हतं.

घरात पाऊल टाकलं आणि लक्षात आलं, की आमचा सगळा संसार जमिनीवर मांडलेला आहे.

नियम तीनच होते. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. निदान काही महिने. स्क्रू-सळ्या म्हणजे फक्त तात्पुरता आधार. खरं काम हाडाचं, मणक्यामणक्यांच्या मधे ते भरून येऊन सगळं एकसंध व्हायला हवं, आणि मोठ्या माणसात त्याला सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षही लागतं. हाड जुळलं नाही तर कितीही भारी सळई असो, एक दिवस थकून मोडते. हे सगळं पटलं. पण कोकणातल्या बाईच्या दिवसातून वाकणं, उचलणं आणि वळणं वजा केलं की उरते झोप. आणि झोपेतही कूस बदलायची तर खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटतात तसे.

विळीपासून सुरुवात करू. नारळ खवायचा म्हणजे खाली बसायचं, एक पाय दुमडायचा, दुसरा विळीच्या पाटावर रोवायचा आणि पुढे झुकायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे योगासन एका सकाळी बंद झालं. यांनी उत्साहाने ओट्याला चिकटणारी खवणी आणली. ती ओट्याला चिकटते हे खरं. फक्त नारळ लावला की सुटते. मग विळीच ओट्यावर चढवली, खाली ओलं फडकं, आणि मी उभ्याने नारळ खवायला लागले. सासूबाईंनी सोलकढीचा घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “उभ्यानं खवलेल्या नारळाला चव नाही.” त्या दिवसापासून घरात काहीही बिघडलं, पापड करपला, दूध नासलं, की त्याचं मूळ उभ्याने खवलेल्या नारळात सापडतं.

मोरीतला नळ गुडघ्याच्या उंचीवर. तांब्या तळाशी. साबण निसटला की तो निसटला, त्याचा माग काढायचा नाही. बादली स्टुलावर आली आणि तांब्याच्या जागी लांब दांडीचा मग आला. दात घासून उभ्यानेच चूळ टाकायची तर नेम लागतो. नवशिक्यांनी पेला वापरावा. पायमोजे हा विषय मी सोडून दिला. कमोड मात्र माझ्या नावाने बसवला गेला, डॉक्टरांचा कागद दाखवून, खास. आता त्यावर पहाटे सासऱ्यांचा, सात वाजता सासूबाईंचा, आणि पेपर आला की पुन्हा सासऱ्यांचा हक्क असतो. मी माझ्या पाळीची वाट पाहत बाहेर उभी असते. उभी राहणं मला उत्तम जमतं.

चपलांचं निराळंच प्रकरण. आमच्याकडे पावसाळ्यात चप्पल झटकल्याशिवाय पायात घालत नाहीत, आत विंचू असू शकतो. झटकायची तर वाकायला हवं. त्यावर आंबे काढायची आकडी छोटी करून घेतली. तिने मी चप्पल उचलते, दाराच्या चौकटीवर आपटते आणि पायाशी सोडते. शेजारच्या वहिनींना पहिल्यांदा वाटलं होतं, मी कुणाला तरी मारायला निघालेय.

आता विंचवाचा विषय निघालाच आहे. आमच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून लाल विंचवाने मरणारी माणसं वाचवली, ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याचा महाडकरांना सार्थ अभिमान आहे, पण या अभिमानाचा मला त्रास झाला. भेटायला आलेले एक दूरचे काका म्हणाले, “ज्या गावात बसून विंचवावर औषध निघतं, तिथे तुझ्या पाठीवर निघालं नसतं? थांबायचं होतंस की जरा!” पंचेचाळीस वर्षं थांबले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भेटायला येणारी माणसं दोन प्रकारची. एक कारण सांगणारी, दुसरी उपाय सांगणारी. किशोरवयात, वाढीच्या भरात दिसणाऱ्या बाकाचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही; मोठे बाक मुलींमध्ये जास्त आढळतात एवढं नक्की, आणि दप्तर एका खांद्यावर घेतल्याने तो होत नाही, हेही नक्की. पण कारण सापडत नाही हे महाडात चालत नाही. एकीने सांगितलं, मी लहानपणी हंडा नेहमी डाव्या कमरेवर घ्यायचे. दुसरीला माझं एकाच कुशीवर झोपणं आठवलं, मी पाळण्यात होते तेव्हाचं. तिसरी म्हणाली, खोटं बोलायचे. हिने निदान कारण आणि परिणाम यांचा काही मेळ तरी घातला.

उपायवाल्यांची बाजू जास्त भक्कम होती, कारण ते येताना काहीतरी खायला आणत. पावसाळ्यात शेतातले खेकडे आले: हाडाला हाड लागतं म्हणून. नाचणी तर पोलादपूरच्या वरकस जमिनीतून पोत्याने आली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण सकाळी आंबील, दुपारी भाकरी, संध्याकाळी सत्त्व आणि झोपताना लाडू असं सुरू झालं, तेव्हा स्क्रू गंजायच्या आधी मीच उगवेन अशी भीती वाटायला लागली. एका मावशींनी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात बुडी मारायला सांगितलं. त्यांच्याकडे दाखला होता: अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा होता आणि समंगा नदीत बुडी मारून सरळ झाला, महाभारतात आहे. मी म्हटलं, मावशी, मी आधीच सरळ झालेय, आता बुडी मारली तर काय होईल? त्यांनी यावर विचार केला आणि म्हणाल्या, “मग नको बाय. उलटं व्हायचं.”

तंबाखू सोडायला हवी हे मात्र खरं आहे, ते गमतीवारी नेऊ नये. निकोटिन हाड जुळू देत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सिगारेट ओढता का विचारलं, मी नाही म्हटलं. त्यांनी समाधानाने टिक केली. आमच्याबरोबर आलेल्या जाऊबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, “बरं झालं त्यांनी मिश्रीचं नाय विचारलं.” मी आत परत जाऊन सांगितलं. पाच मिनिटं लेक्चर मिळालं, आणि आधी मिश्री सुटली, मग ऑपरेशनची तारीख पडली. या दोन्हींतलं जास्त कठीण कोणतं, ते मिश्री लावणाऱ्या बायकांना विचारा.

आकाश दाटून आलं की वेगळी विचारपूस सुरू होते. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर महाडकरांचा कोणत्याच हवामान अंदाजावर पूर्ण विश्वास राहिलेला नाही, त्यामुळे माझ्या पाठीवरही थोडा ठेवून बघतात. “वहिनी, काय म्हणतेय पाठ?” पाठ काही म्हणत नाही, व्रणाच्या आसपासची कातडी अजून बधिर आहे, तिला माझंच बोलणं कळत नाही. विजा चमकायला लागल्या की मला खिडकीतून ओढून आत घेतात, अंगात धातू आहे म्हणून. सावित्रीचं पाणी चढायला लागलं आणि पालिकेचा भोंगा झाला, की सगळी गल्ली फ्रिज आणि गाद्या माळ्यावर चढवते. मला उचलायला बंदी, म्हणून मी जिन्यात उभी राहून सूचना देते. गल्लीचं म्हणणं असं, की पुरापेक्षा माझ्या सूचनांची ताकद जास्त आहे.

या सगळ्यात ज्या माणसाने माझी पाठ सगळ्यात आधी ओळखली होती तो डॉक्टर नव्हता. बाजारपेठेतले आमचे टेलरमास्तर. मी नववीत असताना त्यांनी माप घेता घेता टेप थांबवली, पुन्हा लावली, आणि काही न बोलता वहीत लिहिलं: डावा खांदा अर्धा इंच वर. नंतर दर वर्षी तो आकडा थोडा थोडा वाढला. त्यांनी कधी आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, फक्त एका खांद्यात पातळ पॅड घातलं, एका बाजूची शिवण सैल सोडली आणि मला सरळ करून रस्त्यावर पाठवलं. महाडात मला कुणी वाकडी म्हटलं नाही याचं श्रेय त्यांच्या कात्रीला आहे.

हे केवळ महाडात होतं असंही नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. शेक्सपियरने त्याला कुबड्या खलनायक करून ठेवलं. २०१२ साली लेस्टर शहरात एका गाडीतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. कणा चांगलाच वळलेला होता, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास, पण कुबड वगैरे काही नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये (हो, बावस्करांच्याच ‘लॅन्सेट’मध्ये) तज्ज्ञांनी लिहिलं, की चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर राजाचा बाक फारसा दिसला नसता. हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “चिलखताला अस्तर होतं का?”

ऑपरेशननंतर मी दोन-तीन सेंटिमीटर उंच झाले, खांदे समपातळीत आले, आणि कपाटातले सगळे ब्लाउज एका दिवसात वाकडे ठरले. मास्तरांकडे गेले. जुन्या वह्या एकवीसच्या पुरात गेल्या होत्या, दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. पण माझं माप त्यांना पाठ. त्यांनी टेप लावली, दोनदा लावली, आणि त्यांचा चेहरा उतरला. “ताई, हे तर कुणीही शिवेल.” तीस वर्षांची कलाकुसर एका सर्जनने बाद केली होती. पहिला ब्लाउज त्यांनी सवयीने पॅड घालूनच शिवला. मी तो घातल्यावर डावीकडे कलतेय असं वाटायला लागलं, ते बघून त्यांना जरा बरं वाटलं असावं. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या युजिनीचं बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं होतं, आणि २०१८ साली तिने लग्नात मुद्दाम पाठीवरचा व्रण दिसेल असा गाऊन घातला, हेही मी त्यांना सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, “गळा मोठा करतो हवा तर. पण तिच्याकडे मच्छर नसतील.”

कलण्याचं म्हणाल तर ते ब्लाउजशिवायही चालू होतं. इतकी वर्षं मेंदूने वाकड्यालाच सरळ मानून हिशेब बसवलेला. तो एका दिवसात कसा बदलणार? आरशात मी सरळ, आणि आतून वाटे की डाव्या अंगाला पडतेय. कित्येक महिने भिंतीवरची कॅलेंडरं तिरकी दिसत होती. यांनी बिचाऱ्यांनी ती दोनदा सरळ केली. मग आमच्या घरातली कॅलेंडरं खरोखरच तिरकी झाली.

नमस्काराचा प्रश्न गणपतीत आला. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला यांच्या आत्याबाई राहतात, ऐंशी ओलांडलेल्या, तानाजी मालुसऱ्यांच्या गावच्या शेजारच्या असल्याने माघार हा शब्द न जाणणाऱ्या. त्यांना वाकून नमस्कार न करणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मी आधीच सांगितलं, आत्याबाई, मला कमरेतून वाकता येत नाही, इथूनच हात जोडते. त्या म्हणाल्या, “तू कशाला वाकतेस बाय? मी वर येते.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या पडवीतल्या बाकावर चढल्या, बाकावरून कोनाड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि दोन्ही पावलं माझ्या हाताच्या टप्प्यात आणून म्हणाल्या, “हं. कर.” मी ताठ उभ्याने पाया पडले. आशीर्वाद मिळाला. मग कळलं की त्यांना उतरता येत नाही. घरातली चार माणसं त्यांना धरून होती, पाचवी व्यक्ती मी, आणि मला उचलायला बंदी. त्या वरूनच म्हणाल्या, “आता बाकीच्यांनीबी उरकून घ्या. मी कशाला दोनदा चढू?”

तेव्हापासून घराण्याने तोडगा काढलाय. ओटी अंगणापेक्षा चांगली दोन-अडीच फूट उंच. वडीलधारी मंडळी ओटीच्या कडेला रांगेत उभी राहतात आणि मी अंगणातून, गुडघे जरासे वाकवून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. सोय इतकी आवडली, की पाठीत काही नसलेल्या सुनाही आता अंगणातूनच करतात.

शाळेत खडू पडला, की अख्खा वर्ग झेप घेतो. आधी ती माया होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाईंचा खडू वारंवार पडला तर गणिताचा तास बराच कमी होतो. फिजिओथेरपिस्टने मला पढवलेला मंत्र मी वर्गात चुकून एकदा बोलले: खाली जायचं तर कमरेतून नाही, खुब्यातून आणि गुडघ्यातून. आता मी टेबलाकडे जरा जरी झुकले की तीस आवाज येतात, “बाई, गुडघ्यातून!” पोषण आहाराच्या मावशींना, केंद्रप्रमुखांना, झेंडावंदनाला आलेल्या सरपंचांनाही हे ऐकावं लागलंय.

हीच मुलं घेऊन सहलीला रायगडावर गेलो. चढायला मला काही अडचण नाही, पायऱ्यांना पाय लागतात, पाठ नाही. तरी वेळ वाचावा म्हणून रोपवेने गेलो. महाराजांच्या समाधीपुढे मी हात जोडून उभी राहिले. मागे एक तरुण होता, कपाळावर चंद्रकोर, गळ्यात भगवा. त्याला ते खटकलं. “मॅडम, इथे मुजरा करतात. तीनदा वाकून.” मी काही बोलायच्या आत चौथीतला एक पोरगा पुढे आला. “आमच्या बाई वाकू शकत नाहीत. त्यांच्या पाठीत सळ्या आहेत. टायटॅनियमच्या.” तरुण गडबडला, दोन पावलं मागे सरला, आणि गोंधळात पहिला मुजरा त्याने मलाच केला. पोरगा त्याला म्हणाला, “गुडघ्यातून.”

अशा गोष्टींमुळे लोकांना वाटतं, आता सगळं मार्गी लागलं. त्यांना मी शेजारच्या मणक्यांबद्दल सांगते. जुळलेले मणके हलत नाहीत, दुखत नाहीत, आरामात असतात. पण शरीराला हलावं तर लागतंच. मग ते सगळं हलणं जुळलेल्या भागाच्या वरच्या आणि खालच्या मणक्यांवर येतं आणि वर्षानुवर्षांनी ते झिजू शकतात. एकत्र कुटुंबात चार जावा एकजूट करून बसल्या, की पाचवीच्या अंगावर सगळं काम पडतं, तसं हे. म्हणून चालणं, पोटाचे आणि मांडीचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं हे आयुष्यभराचं आहे. ऑपरेशनने एकदाचं संपलं, असं होत नाही. पाचव्या जावेशी गोड बोलत राहावं लागतं.

आणि मला लावणीच्या दिवसांत बांधावर उभी करतात, तेव्हा मी तिलाच बघत असते. जुलैच्या पावसात पोलादपूरच्या खाचरांत बायकांची रांग कमरेतून दुमडलेली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. इरलं बघितलंय का कधी नीट? बांबूच्या कांबींचं आणि पानांचं ते आच्छादन माणसाच्या मापाचं नसतं, वाकलेल्या माणसाच्या मापाचं असतं. घालून सरळ उभं राहिलं की ते मागे लोंबतं आणि पाऊस थेट तोंडावर येतो. ज्याने कुणी ते पहिल्यांदा विणलं त्याने गृहीतच धरलं होतं, की बाई दिवसभर सरळ होणार नाही. आता इरली जाऊन निळं-पिवळं प्लास्टिक आलं. वाक तसाच आहे. तिकडे गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी जाऊन खेड्यातल्या माणसांच्या पाठींवर उपचार करतात, ऑपरेशनंही करतात. मला हे वाचून वाटलं होतं, एवढ्या लांब कशाला? बांधावर उभं राहिल्यावर ते वाटणं गेलं. माझ्या पाठीला एक्स-रे आहे, अंश आहेत, नाव आहे, तिला खुर्ची मिळते. रांगेतल्या एकीने मान वर करून मला विचारलं, “वहिनी, तुमची पाठ आता कशी?” मी म्हटलं, बरी आहे. “आणि तुझी?” ती हसली आणि पुढच्या मुठीला हात घातला.

दर वर्षी मुंबईला एक्स-रे दाखवायला जाते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, सळ्या जागच्या जागी, हाड छान भरलेलं, सगळं उत्तम. त्यांनी ती पाकिटात घातली, माझ्याकडे सरकवली, आणि पाकीट टेबलावरून निसटून खाली पडलं. मी शांतपणे त्याच्याकडे बघितलं. खाली पडलेल्या वस्तूकडे शांतपणे बघण्यात मी आता तरबेज आहे. पण डॉक्टरही बघतच राहिले. मग त्यांनी हळूच कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, “काल आठ तास वाकून होतो, थिएटरमध्ये.” लोकांच्या पाठी सरळ करणाऱ्यांच्या पाठी वाकून वाकून जातात, हे मला तिथे समजलं. आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत बसलो. त्यांनी बेल वाजवली. शिपाई आत आला, परिस्थिती पाहिली आणि एका झटक्यात कमरेतून वाकला, तसे आम्ही दोघंही एकदम ओरडलो, “अरे, गुडघ्यातून!”